हाई ऐकी पाह्य भो: अनोळखी सायकेडेलिक बँड मित्राच्या गळी कसे उतरवायचे

आधी माझे दोन पराक्रम सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कुठून आलं ते कळेल.

साक्रीकडे माझा एक मावसभाऊ आहे, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान, गाण्याचा जबरी शौकीन. त्याला मी एकदा सत्तेचाळीस गाण्यांची प्लेलिस्ट पाठवली, तीन रात्री जागून बनवलेली. त्याचा लगेच रिप्लाय, "लय भारी भाऊ". मी चार दिवस हवेत. दिवाळीला भेटलो तर कळलं की त्याने लिंक उघडलेलीच नव्हती, आणि नंतर चॅट वर सरकवून पाहिलं तर लिंक आणि "लय भारी" यांची वेळ एकच मिनिट. सत्तेचाळीस गाणी, एक मिनिट.

दुसरा पराक्रम एका हळदीतला. जेवणं झाली होती, स्पीकर माझ्या फोनला जोडलेला होता आणि मला अक्कल सुचली की आता लोकांना काहीतरी वेगळं ऐकवू. जर्मनीच्या कोलोन शहरातला कॅन नावाचा बँड, त्यांचं १९७१ सालचं अठरा मिनिटांचं एक गाणं लावलं, ज्यात ड्रमवाला एकच ठेका धरून बसतो आणि सोडतच नाही. तिसऱ्या मिनिटाला नवरीचे काका उठून आले, स्पीकरवर दोन थापा मारल्या आणि म्हणाले, "अटकना का रे भो हाऊ?" हसू नका, मी त्या रात्री मंडपामागे बसून खूप विचार केला. गाणं वाईट नव्हतं, काका पण चुकीचे नव्हते. चुकलं होतं ते मधलं, म्हणजे मी.

तेव्हापासून दहाएक वर्षं भुसावळ-जळगाव अपडाऊन करता करता पासवाल्या मित्रांवर, नातेवाइकांवर, ऑफिसातल्या लोकांवर मी प्रयोग केलेत. निम्म्याहून जास्त फसले. जे जमले त्यातून जी पद्धत बनली ती इथे लिहितोय, क्रमाने करा, पायऱ्या गाळू नका, पहिली तर अजिबात नाही.

पायरी १: बँड बाजूला ठेवा, कान ओळखा

आपण काय करतो, आपल्याला एक बँड आवडला की दिसेल त्याला तो चिकटवतो. उलटं करायचं. आधी माणूस धरायचा, मग त्याच्यासाठी बँड शोधायचा. त्यासाठी चौकशी लागते पण ती चौकशीसारखी वाटू द्यायची नाही. मी साधारण तीन गोष्टी काढून घेतो. गाडी चालवताना काय लावतो? लग्नात बँडवाल्यांना काय फर्माइश करतो? आणि लहानपणी घरात काय वाजायचं, भजन, रेडिओ, कॅसेट, की काहीच नाही? या तिसऱ्या प्रश्नात सगळी गंमत आहे. माणूस आज काय ऐकतो ते त्याचे मित्र ठरवतात, पण कान तयार होतो तो आजीच्या घरी.

आमच्या खान्देशात मला मुख्यतः चार कान सापडले. एक वरातीचा कान, याला ठेका पाहिजे, अंग हललं पाहिजे, शब्द गेले खड्ड्यात. दुसरा भजनाचा कान, एकच ओळ वीस वेळा घोळवली तरी याला कंटाळा येत नाही, उलट आठव्या वेळेला डोळे मिटतो. तिसरा शब्दांचा कान, याला बहिणाबाईंच्या ओव्या पाठ असतात, गझल ऐकतो, "काय म्हणतोय तो?" हा याचा पहिला प्रश्न. चौथा गिटारवाला, कॉलेजात इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर पिंक फ्लॉइड आणि मेटॅलिका ऐकून आलेला, त्याला वाटतं रॉक म्हणजे एवढंच.

बाकी मिश्र कान असतातच. पण एक धरून चाला.

पायरी २: "सायकेडेलिक" हा शब्द तोंडातून काढू नका

निदान पहिल्या भेटीत तरी नको. हा शब्द ऐकला की एक तर माणूस घाबरतो नाहीतर डोळा मारून विचारतो, "नशापाणीवालं का?" तरी तुम्हाला स्वतःला उत्तर माहीत पाहिजे म्हणून थोडक्यात सांगतो.

हंफ्री ऑस्मंड नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने हा शब्द १९५६ च्या सुमारास बनवला, ग्रीक शब्दांवरून, अर्थ साधारण मनातलं उघडं करणारं. दहा वर्षांत तो संगीताला चिकटला. टेक्सासमधल्या ऑस्टिनचा थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स हा बँड, १९६६ ला त्यांचा पहिला अल्बम आला आणि नावातच हा शब्द होता. त्यांच्यात एक माणूस फक्त मडकं वाजवायचा. खरंच. मडक्याच्या तोंडाशी माइक धरून त्यात तोंडाने आवाज काढायचा, बुडबुड बुडबुड, पूर्ण गाणंभर. तो आवाज सुरुवातीला वेड लावतो आणि नंतर नसला की चुकल्यासारखं वाटतं. आणि नशेचा विषय टाळू पण नका, त्याच बँडचा गायक रॉकी एरिक्सन १९६९ ला थोड्याशा गांजापायी पकडला गेला, जेल टाळायला वेडाचं कारण पुढे केलं आणि तीनेक वर्षं इस्पितळात अडकला, विजेचे झटके खाल्ले. कोणी नशेचं कौतुक करायला लागला की मी ही गोष्ट सांगतो आणि चहा मागवतो. मी हे सगळं चहावरच ऐकलंय, चालतं.

कानाला कळेल असं सांगायचं तर या संगीतात तीन-चार गोष्टी असतात. तंबोऱ्यासारखा एक सूर खाली धरून ठेवलेला, गिटारचा आवाज मुद्दाम फाटका केलेला, विहिरीत हाक मारल्यासारखा घुमणारा प्रतिध्वनी, आणि घाई नसणं. बस. पुढे इंडी हा शब्द पण येईल, तो म्हणजे मुळात मोठ्या कंपनीशिवाय, स्वतःच्या किंवा छोट्या लेबलवर काढलेलं संगीत, पुढे तो एक बाजच झाला.

पायरी ३: दार निवडा

ही सगळ्यात मोठी पायरी, इथे वेळ घाला.

वरातीच्या कानाला मी डोळे झाकून म्दू मोक्तार देतो. नायजर देशातला, सहारातल्या तुआरेग जमातीचा गिटारवाला, डावखुरा, पहिली गिटार लाकडाची स्वतः केली आणि तारा लावल्या त्या सायकलच्या ब्रेकच्या. याची गोष्ट आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही, कारण ती आपलीच आहे. आठवा, बसस्टँडसमोरची मोबाइलची दुकानं, काचेवर "गाणे भरून मिळतील", दोन जीबीचं कार्ड द्यायचं, पोरगा कॉम्प्युटरला लावून फुल्ल भरून द्यायचा, त्यात अहिराणी गाणी, डीजे मिक्स, आरत्या, मधेच कुठलं तरी तमिळ गाणं जे कोणी मागितलेलं नसायचं. सहारा वाळवंटात अगदी हेच चालायचं. म्दू मोक्तारने २००८ ला शेजारच्या नायजेरियात जाऊन पहिला अल्बम रेकॉर्ड केला, गिटार आणि वर ऑटोट्यूनचा, म्हणजे मशीनने सुरात बसवलेला आवाज, आणि ती गाणी सीडीवर नाही तर मेमरी कार्ड आणि ब्लूटूथने फोनाफोनातून देशोदेशी गेली. पुढे एका अमेरिकन माणसाने अशी फोनमधली गाणी गोळा केली, गाणारे कोण ते शोधले, आणि साहेल साउंड्स नावाच्या लेबलवर २०११ ला त्यांचा संग्रह काढला. म्दू मोक्तार बाहेरच्या जगाला माहीत झाला तो असा. आज तो जगभर वाजवतो, २०२१ चा अफ्रीक व्हिक्टिम हा अल्बम ऐका, गिटार अशी पळते की मागे धूळ उडाल्यासारखी वाटते.

माझ्या मते आपल्या लोकांसाठी याच्याइतकं सोपं दार दुसरं नाही. टाळ्यांचा ठेका आहे, मागून बायका-माणसांचे आवाज आहेत, आणि भाषा ना तुम्हाला येते ना मला, त्यामुळे इंग्रजी कळत नाही म्हणून लाजायचा प्रश्न मिटला.

याच कानाला दुसरा पर्याय म्हणजे आल्तिन गुन. बँड ॲमस्टरडॅमचा, गाणी तुर्कस्तानातली, म्हणजे अनातोलियातली जुनी लोकगीतं घ्यायची आणि खाली सत्तरच्या दशकातला डिस्को-फंक ठेका टाकायचा, वर इलेक्ट्रिक साझ, जे आपल्या डोळ्याला लांब दांड्याच्या तंबोऱ्यासारखं दिसतं पण वाजतं झणझणीत. आपल्या कानबाई देवीच्या गाण्यांना कोणी असं करून पाहिलं तर काय होईल, हा विचार ऐकताना दर वेळी येतो. कोणी करत असेल तर सांगा, मी वर्गणी देतो.

भजनाच्या कानाला घाई नको. त्याला टिनारिवेन द्या, मालीतले, हे पण तुआरेगच, पण ही मागची पिढी, १९७९ ला जमलेले. एक जण ओळ म्हणतो, बाकीचे धरतात, अगदी आपल्या भजनी मंडळासारखं. त्यांच्या म्होरक्याची पहिली गिटार पण डब्याची आणि सायकलच्या तारेची, त्या वाळवंटात सायकली धड राहिल्या असतील का कोणास ठाऊक. ते पचलं की किकागाकु मोयो, टोकियोचा बँड, नावाचा अर्थ भौमितिक नक्षी. यांचा सतारवाला कोलकात्याला येऊन पंडित मणिलाल नाग यांच्याकडे शिकून गेलाय, म्हणजे सतार शोभेला ठेवलेली नाही, तो खरंच वाजवतो. २०२२ ला त्यांनी शेवटचा अल्बम काढला आणि भांडणं न करता थांबले. आणि हो, कॅन पण याच कानाचा आहे. त्या हळदीत मी वरातीच्या कानाला भजनाचं दार दाखवलं, चूक एवढीच होती.

शब्दांचा कान अवघड. इंग्रजी बँडमधले शब्द त्याला पोचत नाहीत आणि पोचले तरी त्याची परंपरा वेगळी. इथे मी देशी बँड काढतो. दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी, नाव कंपनीचं पण बँडच आहे, २०१९ चा बिस्मिल्लाह अल्बम, गायकाचा आवाज जुन्या सिनेमातल्या क्लबगाण्यांची आठवण करून देतो. इंडियन ओशन माहीत असेल तर ठीक, नसेल तर कंदिसापासून सुरू करा, २००० सालचा. आणि ज्याला बंगाली ऐकायची तयारी असेल त्याला महीनेर घोडागुली, १९७५ ला कोलकात्यात जमलेला बँड, बंगालातल्या भटक्या गायकांची बाउल गाणी आणि गिटार एकत्र, त्या काळात कोणी फारसं विचारलं नाही आणि नंतर पोरांनी डोक्यावर घेतला.

गिटारवाला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात खडूस. त्याला किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड द्या, मेलबर्नचे, २०१७ या एका वर्षात पाच अल्बम काढणारी मंडळी. त्यातला पहिला सांगायला मजा येते. साध्या गिटारवर सप्तकाचे बारा भाग असतात, पेटीसारखे, त्यामुळे दोन पट्ट्यांच्या मधला सूर मिळतच नाही. यांनी मधले पडदे बसवून गिटारच वेगळी करून घेतली आणि त्यावर अख्खा अल्बम वाजवला. गाणं शिकलेल्या माणसाला हे सांगितलं की तो म्हणतो, "म्हणजे श्रुती!" आणि मग तो तुमचा. त्याच वर्षीचा एक अल्बम त्यांनी फुकट सोडला, घ्या आणि तुम्हीच छापा, तुम्हीच विका. आणि लक्षात ठेवा, जुलै २०२५ मध्ये त्यांनी स्पॉटिफायवरून आपली गाणी काढून घेतली, म्हणून लिंक पाठवताना दुसरीकडची पाठवा, नाहीतर समोरचा शोधून दमतो आणि विषय संपतो.

कुठलाच कान कळला नाही तर? क्रुआंगबिन. ह्यूस्टनचे तिघं, नाव थाई भाषेतलं, अर्थ विमान. बहुतेक गाण्यांत शब्दच नाहीत किंवा अगदी थोडे, साठ-सत्तरच्या दशकातल्या थाई बँडवाल्यांचा असर, बेस गिटार अशी की गाडी आपोआप साठच्या स्पीडला येते. जगात ते आता चांगलेच प्रसिद्ध आहेत, त्यामुळे "लेसर नोन" वाले, म्हणजे कोणाला माहीत नसलेलंच ऐकणारे, नाक मुरडतील, मुरडू द्या. पारोळ्याच्या धाब्यावर कोणाला माहीत नाहीत ना, मग झालं.

पायरी ४: एकच गाणं

अल्बम नाही, प्लेलिस्ट नाही, एक गाणं. पाच मिनिटांच्या आतलं. आणि तुमचं सगळ्यात लाडकं गाणं नको! ते तुम्हाला शंभरदा ऐकून लाडकं झालेलं असतं, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यात काही सापडत नाही. जे गाणं पहिल्या अर्ध्या मिनिटात काहीतरी दाखवतं ते घ्या, ठेका, विचित्र आवाज, काहीही. दोन मिनिटं नुसता धुक्यासारखा सूर चालणारं गाणं कितीही थोर असलं तरी आत्ता नको.

शक्य असेल तर लाइव्ह व्हिडिओ पाठवा. सिएटलच्या केईएक्सपी रेडिओचे स्टुडिओतले व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने आहेत, आवाज स्वच्छ, माणसं दिसतात, बोटं दिसतात. आपल्याकडे गाणं बघायची सवय जास्त आहे, त्याचा फायदा घ्यायचा. माझ्या ऑफिसातल्या एका मॅडमनी आल्तिन गुन फक्त त्या साझकडे बघत शेवटपर्यंत ऐकलं.

पायरी ५: मेसेज कसा लिहायचा

हे लोक विसरतातच. नुसती लिंक म्हणजे गुड मॉर्निंगचा फोटो, अंगठ्याने पुढे. आणि "हे ऐक, दिमाग हिल जाएगा" हे पण बेकार, कारण हललं नाही तर समोरच्याला वाटतं आपल्यातच काही कमी आहे. "ट्रिपी", "नेक्स्ट लेव्हल", "अंडररेटेड", हे शब्द बंद करा, त्यातून काहीच कळत नाही.

मी असा लिहितो: "भाऊ, हा नायजरच्या वाळवंटातला, पहिल्या गिटारीला सायकलच्या तारा होत्या. भाषा मला पण कळत नाही. धुळ्याला निघशील तेव्हा गाडीत लाव, टाळ्यांकडे लक्ष दे. नाही आवडलं तर नाही आवडलं."

बघा यात काय काय आहे. एक गोष्ट जी तो दुसऱ्याला सांगू शकेल. कधी ऐकायचं ते. कशाकडे कान द्यायचा ते. आणि सुटकेचं दार. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, ते नसलं की शिफारस म्हणजे परीक्षा होते.

आणि "तुला हे माहीत नाही?" हे वाक्य कधीच नाही, मस्करीत पण नाही. मी एकदा म्हणालो, त्या मित्राने आजतागायत माझ्याकडून गाणं घेतलेलं नाही.

पायरी ६: वेळ, जागा, स्पीकर

फोनच्या स्पीकरवर क्रुआंगबिन म्हणजे मीठ-मिरची नसलेली शेवभाजी. बेसच ऐकू येत नाही, मग राहतं काय? इअरफोन किंवा गाडी, किंवा बरा ब्लूटूथ स्पीकर. टू-व्हीलरवर इअरफोन घालून अजिबात नको, हायवेवरचे ट्रक बघता ना.

वेळेचं म्हणाल तर एप्रिल-मे मध्ये दुपारी काहीच पाठवू नका, पंचेचाळीस डिग्रीत माणसाला फक्त कूलरचा आवाज गोड लागतो. रात्री दहानंतर, गच्चीवर पाणी मारून अंथरूण टाकलं की, तेव्हा हे संगीत बरोबर बसतं. लाइट गेलेली असेल तर अजून चांगलं, फोन चार्ज असला म्हणजे झालं.

सातपुड्याकडे, तोरणमाळ वगैरे जाणार असाल तर आधीच डाउनलोड करा, घाटात रेंजचा भरवसा नाही. हिशोब सोपा आहे, ३२० केबीपीएसला एका तासाला साधारण १४४ एमबी, १६० ला त्याच्या निम्मे, ७२. गाडीच्या आवाजात १६० पुरतं.

पायरी ७: आता गप्प बसा

"ऐकलं का?" विचारायचं नाही. किमान आठ दिवस. मला हे जमायला तीन वर्षं लागली.

प्रतिसाद वाचायला शिका. "भारी", "मस्त", "जबरदस्त", नुसता अंगठा, म्हणजे ऐकलेलं नाही. "वेगळंच आहे", म्हणजे ऐकलं, आवडलं नाही, पण तुमचा मान ठेवला. "हे कोण आहेत रे?" किंवा "अजून आहे का यांचं?" किंवा आपल्या भाषेत "हाई काय शे रे भो?" असा प्रश्न आला की समजा मासा लागला. प्रश्न म्हणजे यश, कौतुक म्हणजे नाही.

लागला नाही तर त्याच दारावर पुन्हा धडका मारू नका. कान ओळखण्यात चूक झाली असेल, महिनाभराने दुसरं दार बघा. दोनदा फसलं तर सोडून द्या, काही माणसांना आहे तेच ऐकायचं असतं आणि त्यात काही वाईट नाही, माझे वडील चाळीस वर्षं त्याच सहा कॅसेट ऐकताहेत आणि माझ्यापेक्षा सुखी आहेत.

पायरी ८: लागला तर शिडी लावा

इथून खरी मजा. एका बँडवरून मागे किंवा बाजूला एकच पायरी जायचं, उडी मारायची नाही. आल्तिन गुन आवडलं तर एर्किन कोराय, १९७४ चा इलेक्ट्रॉनिक तुर्कुलर, आणि सेल्दा बागजानचा १९७६ चा अल्बम, म्हणजे या सगळ्याचं मूळ घराणं. म्दू मोक्तारवरून टिनारिवेन. किकागाकु मोयोवरून कॅन, आणि मग जर्मनीचाच नॉय! (Neu!), ज्यांचा ड्रमवाला सरळ रस्त्यावरच्या ट्रकसारखा एकच ठेका मारतो. यातला गिटारवाला मायकल रोथर लहानपणी काही वर्षं कराचीला राहिलेला, हे सांगितलं की लोक जरा जास्त लक्ष देऊन ऐकतात.

वरातीवाल्याला आफ्रिकेकडे अजून खाली न्यायचं असेल तर झांबियाचा विच. नाव इंग्रजी अक्षरं जोडून केलंय, पूर्ण अर्थ आम्ही धुमाकूळ घालणार आहोत. सत्तरचं दशक, फाटकी गिटार, आफ्रिकन ठेका. गायकाला लोक जगारी म्हणायचे, मिक जॅगरवरून. बँड संपला, बरेच साथीदार गेले, जगारी खाणीत रत्नं शोधायचं काम करायला लागला, आणि मग जुन्या रेकॉर्ड परत निघाल्यावर म्हातारपणी पुन्हा स्टेजवर आला. २०२३ ला नवा अल्बम पण काढला.

गिटारवाल्याला भारतातलं जुनं दाखवायचं असेल तर सिमला बीट. सिगारेटच्या ब्रँडच्या नावाने बँडची स्पर्धा व्हायची, १९७० आणि १९७१ च्या रेकॉर्ड निघाल्यात, देशभरातल्या कॉलेजच्या पोरांचे बँड, गिटार वाजवताहेत की भांडताहेत कळत नाही. मला जाम आवडतात.

आणि एक शिडी मी खास आपल्या गावातल्या पोरांसाठी ठेवलीये, जी म्हणतात की इथे काय होणार, पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय काही नाही. न्यूझीलंडच्या दक्षिणेकडे ड्युनेडिन नावाचं गाव आहे, आजही जळगावपेक्षा बरंच लहान. १९७८ ला तिथे दोन भावांनी द क्लीन नावाचा बँड काढला. १९८१ ला क्राइस्टचर्चच्या एका रेकॉर्डच्या दुकानातल्या माणसाने फ्लाइंग नन नावाचं लेबल सुरू केलं आणि यांचं पहिलं गाणं पन्नास डॉलरमध्ये रेकॉर्ड झालं. पन्नास! नंतरचं काम चार ट्रॅकच्या टेप मशीनवर. गिटार किणकिणते, ऑर्गन खेळण्यातल्यासारखा, आणि ते पन्नास डॉलरवालं गाणं देशाच्या चार्टवर गेलं. मागोमाग द चिल्स वगैरे बँड आले, आणि त्या गावाच्या नावाने एक बाजच तयार झाला, ड्युनेडिन साउंड. अमेरिकेतल्या पुढच्या कितीतरी इंडी बँडनी तिथून उचललंय. आपल्या खिशातल्या फोनवर आज चारपेक्षा कितीतरी जास्त ट्रॅक रेकॉर्ड होतात, एवढंच म्हणतो.

पायरी ९: भरीत पार्टी

एकेकट्याला पाठवण्यापेक्षा चार जण एकत्र बसवणं केव्हाही चांगलं, आणि त्यासाठी थंडीतली शेतावरची भरीत पार्टी सोडून दुसरी जागा नाही. कापसाच्या काड्यांवर वांगी भाजायला टाकली की मधला अर्धा-पाऊण तास कोणालाच काही काम नसतं, सगळे शेकत बसलेले असतात. तो वेळ पकडा.

नियम आमचे असे. प्रत्येकाने एकच गाणं आणायचं. गाणं चालू असताना बोलायचं नाही, फोन नाही, आणि दुसऱ्याचं गाणं मधेच बदलायचं नाही, ज्याने बदललं त्याने मिरच्या ठेचायच्या. गाणं झाल्यावर आणणाऱ्याने दोन वाक्यं बोलायची, तिसरं बोलला की बाकीच्यांनी ओरडायचं. यात तुमची अनोळखी बँडची शिफारस आणि कोणाचं तरी अहिराणी गाणं आणि कोणाची कव्वाली असं सगळं शेजारी शेजारी येतं आणि आपोआप कळतं कोणता कान कोणाचा. पहिल्या वर्षी माझं गाणं शेवटून पहिलं आलं. कळण्याची भाकरी आणि भरीत समोर आल्यावर मात्र संगीत बंद करा, तिथे किंग गिझर्डचं काही चालत नाही.

पायरी १०: स्वतःचा साठा भरत ठेवा

अल्गोरिदमवर सगळं सोडलं तर तो तुम्हाला तेच ते फिरवून देतो. मी बँडच्या मागे न जाता लेबलच्या मागे जातो. साहेल साउंड्स, गुरुगुरु ब्रेन, हे किकागाकु मोयोवाल्यांनीच सुरू केलेलं, फ्लाइंग नन, नाऊ-अगेन, ज्यांनी विचच्या जुन्या रेकॉर्ड परत काढल्या. एका लेबलचा एक बँड आवडला की बाकीचे चार ऐकून बघायचे, त्यातला एक तरी निघतो.

बँडकॅम्पवर जा, २००८ पासूनची साइट आहे, बहुतेक गाणी आधी ऐकायला मिळतात, आवडलं तर विकत घ्यायचं. डिजिटल विक्रीतले ते साधारण पंधरा टक्के ठेवतात, वर पैसे फिरवायचा खर्च, बाकी बँडला. एखाद्या अल्बमखाली तो घेणाऱ्या लोकांची चित्रं दिसतात, त्यावर क्लिक केलं की त्यांनी अजून काय घेतलंय ते दिसतं, मला अर्धे बँड असेच अनोळखी लोकांच्या कपाटात डोकावून सापडलेत. कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्यावा लागतो, मी दोन वेळा पेमेंट का अडकतंय म्हणून डोकं धरून बसलो होतो. आणि वर्षातून एखादा अल्बम तरी विकत घ्या, नायजरच्या माणसाला आपल्या पाचशे रुपयांनी फरक पडतो.

आणि घेत पण चला. हे मला उशिरा कळलं. तोच तो साक्रीचा मावसभाऊ, सत्तेचाळीस गाण्यांवाला, त्याला मी मग वर लिहिल्याप्रमाणे एकच टिनारिवेनचं गाणं पाठवलं आणि आठ दिवस गप्प बसलो. नवव्या दिवशी उलट त्याच्याकडून एक ऑडिओ आला, सहा मिनिटांचा, आदिवासींच्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवातल्या रात्रीचा, त्याने फोनवर धरलेला. कुत्री भुंकताहेत, कोणी खोकतंय, आणि मधे भोपळ्याची पावरी, ते फुंकून वाजवायचं वाद्य, एकच सूर धरून, थांबायचं नावच नाही. खाली लिहिलं होतं, "तुन्हा वाळवंटवालासले हाई ऐकाड."